डोळ्यातलं दार

ट्रेमध्ये आधी काळं उमटतं. डोक्याला गच्च बांधलेला रुमाल आला, मग भुवया, मग बुबुळं, नाकपुड्यांची दोन टिंबं. चेहरा असा अजून नव्हताच, पांढऱ्या कागदावर चेहऱ्याच्या कडा तेवढ्या होत्या. चिनारा सवयीने ट्रेचा एक कोपरा उचलत होती, ठेवत होती, आणि लाल दिव्याखाली डेव्हलपरची पातळ लाट कागदावरून जाऊन परत येत होती. तिला आनंद झाला. हा आनंद तिला नंतर आठवत राहिला, आणि आठवला की प्रत्येक वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या दोन-तीन श्वासांत तिला एवढंच वाटलं होतं, की म्हाताऱ्याने पुन्हा करून दाखवलं! ऐंशीव्या वर्षी, थरथरत्या हातांनी, पुन्हा तेच : अंधारातून वर आलेला बाईचा चेहरा, किंचित उचललेली हनुवटी, अर्धवट उघडं तोंड, आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक उभा, लांबट तुकडा. असं आपल्याला कधी जमणार, असंही वाटलं. मग गालांवर करडा रंग भरत गेला, डाव्या भुवईतली तुटकी जागा दिसली, लहानपणी झोपाळ्याची पाटी लागली होती तिथली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण आपल्याकडेच बघतो आहोत.

निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरखाली तिला कळलं नव्हतं. निगेटिव्हमध्ये माणूस ओळखू येत नाही, काळ्याचं पांढरं होतं, आणि ती तर नेहमीसारखी भिंग लावून फक्त डोळा बघत होती. डोळ्यातले फिल्मचे कण कडक दिसले की बाकी सगळं आपोआप रेषेत येतं, हे तिच्या गुरूंनी, आगायनीच शिकवलेलं. म्हणजे गेली काही मिनिटं ती स्वतःच्या डोळ्यात भिंग घालून बघत होती आणि तिला तो कुणाचाही डोळा वाटला होता.

"आली का गं ती?" बाहेरून इशेनबाय आगायनी हाक मारली. रेडिओचा आवाज कमी केला असावा. "दुसरी फ्रेम! पहिलीकडे लक्ष देऊ नकोस, ती वाया गेलेली आहे!"

चिनाराने हात वर केला आणि पांढऱ्या दिव्याचं बटण दाबलं. ट्रेमधला चेहरा क्षणभर तसाच राहिला, मग कपाळ राखाडी झालं, गाल झाले, डोळ्यांतले उजेडाचे तुकडे सगळ्यात शेवटी गेले, आणि कागद शाईत बुडवल्यासारखा एकसारखा काळा झाला. ती उभी राहून ते पूर्ण होईपर्यंत बघत राहिली. निगेटिव्हला काही झालेलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. निगेटिव्हला दिव्याने काही होत नाही.

या घरात ती विद्यार्थी म्हणून आली होती, ती अजून जात नव्हती. इशेनबाय आगायच्या फ्लॅटमधली, स्वयंपाकघरामागची ही कोठी, जिथे एके काळी त्यांची बायको बटाटे ठेवायची, हीच अख्ख्या बिश्केकमधली सगळ्यात पवित्र जागा, असं चिनारा आपल्या मैत्रिणींना सांगायची आणि मैत्रिणी हसायच्या. आगायचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांचे सगळे प्रिंट तीच काढत होती. पुढच्या आठवड्यात संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन होतं, आयुष्यभराचं. दारातच लावायला आगायचं स्वतःचं एक छायाचित्र हवं होतं, आणि शहरातले सगळे नामांकित लोक सोडून त्यांनी ते काढायला चिनाराला सांगितलं होतं. आज दुपारी काढायचं होतं. बाहेरच्या खोलीत कॅमेरा फिल्म भरून ठेवलेला होता. आगायचा स्वतःचा, विटेएवढा जड, जुना रशियन कॅमेरा, ज्याला त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. सकाळी येताना ती बसमध्ये वेड्यासारखी स्वतःशीच हसली होती.

तिने डेव्हलपर लागलेले हात धुतले, निगेटिव्हची पट्टी यंत्रातून काढली आणि दिव्यासमोर धरली. पहिली फ्रेम, ती वाया गेलेली. गोल भिंत, आणि भिंतीला लागून बसलेल्या बायकांच्या पाठी. निगेटिव्हमध्ये काळे रुमाल पांढरे दिसत होते, जणू लग्नाच्या मुली ओळीने बसल्या होत्या. त्यात एक पाठ तिची. दुसऱ्या फ्रेममध्ये बाकीच्या पाठी तशाच, आणि एक चेहरा.

खट् असा आवाज झाला होता. आता आठवलं. खरं तर ती कधीच विसरली नव्हती, फक्त तो कशाचा आवाज हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा बातमा एजेने, बाबांच्या बहिणीने, डोंगरातल्या नारीनहून फोनवरच सगळ्यांना कामाला लावलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत पाच मजली इमारतींच्या मधल्या अंगणात, मुलांच्या घसरगुंडीशेजारी, लोकरी नमद्याचा गोल तंबू उभा राहिला होता. बाबांना आत डाव्या बाजूला पडद्यामागे ठेवलं. बाहेर कमरेला पट्टे बांधलेले पुरुष काठ्यांवर रेलून मोठ्याने रडत होते आणि येणाऱ्याला मिठी मारत होते. कोळशाच्या धुराने सगळ्यांचेच डोळे लाल होते, त्यामुळे कोण खरं रडतंय हे कळत नव्हतं. आई नव्हती, ती आधीच गेलेली, म्हणून पडद्याच्या सगळ्यात जवळ चिनाराला बसवलं. बातमा एजेने तिचे खांदे धरून तिला फिरवलं, चेहरा भिंतीकडे, पाठ दाराकडे, आणि सांगितलं, "आता इकडेच बघायचं. कोणी आलं तरी वळायचं नाही. लोक बापाला भेटायला येतात, तुझं तोंड बघायला नाही." मग एजेने गाणं धरलं, मेलेल्या भावाला एकेक नावाने हाक मारत, त्याचे घोडे, त्याची कुरणं, त्याचे विद्यार्थी. बाबांकडे घोडा कधीच नव्हता. चिनाराला ती शोकगीतं येत नव्हती. ती शहरात वाढलेली, रशियन शाळेत शिकलेली, ती नुसते ओठ हलवत होती आणि समोरच्या लाकडी जाळीतले चौकोन बघत होती. तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली दुःख होतं, तिथपर्यंत ती हळूहळू पोचत होती. भिंत त्यासाठीच असते हे तिला तेव्हा बसल्याबसल्या कळत होतं. कुणी बघत नसलं की चेहरा सैल होतो, वाटेल तसा वाकडा होतो, आणि मग ते बाहेर येतं. ते येतच होतं. आणि मागे खट् झालं.

ती वळली. का वळली ते तिला कळलं नाही. मान आपोआप फिरली, हनुवटी आपोआप उचलली गेली. दारातून येणारा बर्फाचा उजेड डोळ्यांवर आपटला, उजेडात कुणीतरी काळं उभं होतं. एजेने तिच्या मांडीला असा चिमटा काढला, की डाग आठवडाभर राहिला.

"कुणाची वाट बघतेस गं? बाप इकडे पडलाय." मग शेजारच्या बाईला, चिनाराला ऐकू जाईल अशा बेताने, "शहरातली आहे. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसवत नाही यांना, दारात कोण आलं ते बघायला हवं."

त्यानंतर ते आलंच नाही. दुःखाचा जो धागा हाताला लागला होता तो सुटला तो सुटलाच. बाबांना घेऊन गेले, सातवा झाला, चाळिसावा झाला, घोडा कापला, लोक जेवले, आणि चिनारा कोरडीच राहिली. इतके दिवस ती स्वतःलाच दोष देत होती, की आपल्यातच काहीतरी कमी आहे, बापासाठी चार घटका भिंत बघवली नाही आपल्याला.

आता ती पट्टी हातात धरून उभी होती आणि कोठीच्या भिंतीवर वाळत घातलेले प्रिंट चिमट्यांना लटकले होते. मधोमध तो, सगळ्यात मोठा, आदल्या दिवशी तिनेच काढलेला. डोंगरातली विधवा. तो फोटो सगळ्या देशाला माहीत होता. चिनाराच्या लहानपणी तो स्वयंपाकघरात कॅलेंडरवर होता. वर्ष संपलं तरी तिने महिन्यांचे कागद फाडून चित्र ठेवायला लावलं होतं. नमद्याच्या तंबूतली तरुण बाई, उचललेली हनुवटी, डोळ्यांत उजेडाचा तुकडा. त्या तुकड्यासाठी चिनारा फोटोग्राफर झाली, असं म्हटलं तरी चालेल. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बापाची मुलगी, डोळा म्हणजे बहिर्गोल आरसा एवढं तिला शाळेतच माहीत होतं, तरी त्या आरशात काय दिसतं हे तिने कधी विचारलं नव्हतं. बाबांनी विचारलं होतं. ते कुठलाही फोटो बघून एकच विचारायचे. चहात पाव बुडवत त्या कॅलेंडरकडे बघून एकदा म्हणाले होते, "चिनारा, हा माणूस उभा कुठे होता?"

"बाबा, ही कला आहे. तुमची प्रयोगवही नाही."

"असू दे ना कला. पण उभा तर राहिला असेल की कुठेतरी."

ती चिडून उठून गेली होती. बाबा डोंगरातल्या खेड्यात वाढलेले, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायका त्यांनी जन्मभर पाहिलेल्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण वर्गात सांगत नसत तसंच घरीही सांगितलं नाही, नुसता पाव बुडवत राहिले. बाईच्या आणि भिंतीच्या मधे माणूस उभा राहण्याएवढी जागा नसते. डोळ्यातला तो उभा, लांबट तुकडा म्हणजे दार. बाईला वळवलेलं आहे.

आणि चिनाराने काय केलं होतं? ती लग्नांचे फोटो काढते, त्यावर तिचं पोट चालतं. स्टुडिओतल्या दिव्यापुढे लावायला तिने काळ्या पुठ्ठ्यात एक उभा लांबट चौकोन कापून घेतला होता, अंदाजाने नाही, त्या प्रिंटवर पट्टी ठेवून, प्रमाण काढून. पुठ्ठा लावला की नवरीच्या डोळ्यांत तो तुकडा बरोब्बर यायचा. "ताई, डोळ्यांत काय जीव आणता हो तुम्ही," असं नवऱ्यांच्या आया म्हणायच्या. शहरातल्या किती मुलींच्या डोळ्यांत तिने हौसेने ते दार बसवून दिलं होतं, हसऱ्या, नटलेल्या मुलींच्या. पुठ्ठ्याच्या कडा तिने कात्रीने किती जपून सरळ केल्या होत्या ते आठवून तिला वाटलं, आत्ता समोर काहीतरी फोडायला हवं. कोठीत फोडण्यासारखी बाटली होती, फिक्सरच्या रसायनाची. तिने ती उचलली, आणि खाली ठेवली, झाकण घट्ट आहे ना ते बघून. रागातही हात आगायनी शिकवल्यासारखे वागत होते, आणि त्याचाही तिला राग आला.

पट्टी तिने सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बाहेर आली.

आगाय खिडकीशी बसले होते. उघड्या खिडकीतून पॉपलरच्या झाडांचा कापूस आत येत होता आणि मेजावरच्या बोरसोकांवर बसत होता. आगाय तळलेला एकेक तुकडा फुंकून खात होते. दारात लावायच्या फोटोसाठी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, वर उंच पांढरी टोपी.

"दाखव."

"काळा झाला."

"काळा झाला? तुझ्या हातून?" त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "घाबरलीस, असंच ना? मलाही घाबरायला झालं होतं बघताना. असं आयुष्यात दोनदा होतं, किझिम, माझ्या पोरी. दोनदा. ती पहिली, आणि ही. दोघी शेजारीशेजारी लावणार आहे मी, एकाच भिंतीवर, मधे काही नाही. पन्नास वर्षांनी तीच नजर! चहा ओत आधी."

चहा ओतणं तिचं काम होतं, ती वयाने लहान. वाटीत तळाला दोन घोट ओतायचे, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो, आदर दिसतो. चिनाराने त्यांची वाटी काठोकाठ भरली. चहा काठावर फुगून राहिला. असा चहा नकोशा झालेल्या पाहुण्याला देतात.

आगायनी वाटीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अगं, घर माझं आहे! माझ्याच घरातून घालवतेस मला?"

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर मिळालं असतं का?"

"माझा बाप तिथे होता. पडद्यामागे."

"माहीत आहे. मी आलो, रडलो बाहेर पुरुषांबरोबर, खोटं नाही रडलो. तुझा बाप, मुकाश, माझ्यापेक्षा चांगला माणूस होता." त्यांनी वाकून, वाटी न उचलता, काठावरून चहा ओढला. "आणि ऐक, नीट ऐक, मी तुला वळ म्हटलं नाही. एक शब्द बोललो नाही. आठव."

"पहिली फ्रेम वाया गेलेली नाही, आगाय."

ते थांबले. आता पहिल्यांदाच तिच्याकडे त्यांनी नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात अपराध नव्हता, कौतुक होतं. उशिरा का होईना विद्यार्थ्याला गणित सुटलं म्हणून होतं तसं. "नाही," ते म्हणाले. "नाही गेली. शटरचा आवाज तुझ्या ओळखीचा आहे. तू झोपेतही वळली असतीस."

"आणि त्या विधवेला?"

"तिला सांगावं लागलं. तुला नाही."

चिनाराची कानशिलं तापली, कारण वाक्य खरं होतं, आणि त्यांनी ते अभिमानाने म्हटलं होतं. दोघांच्याही वतीने.

"काय सांगितलंत तिला?"

"म्हटलं, वहिनी, जरा इकडे बघा, लाजू नका." त्यांनी खांदे उडवले. "मी अनाथाश्रमात वाढलो गं, रशियन बायांच्या हाताखाली. मला काय ठाऊक भिंतीकडे का बसतात? मला वाटलं पोरगी लाजतेय. वर्तमानपत्राचा माणूस, गळ्यात कॅमेरा, ती घाबरून वळली. नंतर मी चांगला मोठा प्रिंट करून पाठवला तिला, फ्रेम करून. तो परत आला. मला वाटलं पोस्टाचा घोळ. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी सांगितलं, की सासरच्यांनी तिला त्यावरून जन्मभर बोल लावले."

"म्हणजे तेव्हा ठाऊक नव्हतं."

"तेव्हा नव्हतं."

"आणि फेब्रुवारीत?"

पॉपलरचा कापूस त्यांच्या चहात पडला. तो बोटाने काढायला त्यांना बराच वेळ लागला, बोट थरथरत होतं. "फेब्रुवारीत होतं," ते म्हणाले. "पण उजेड तसाच होता. दार, बाहेर बर्फ, आत काळोख. पन्नास वर्षं मी त्या उजेडाची वाट बघतोय, आणि तो माझ्या मित्राच्या मयताला मिळाला, तर मी काय करू? डोळे मिटू? चिडतेस कशाला, तू माझ्या जागी असतीस तर तू काय केलं असतंस? खरं सांग. तू माझीच आहेस."

"तो लावू नका."

"लावणार. तू मरशील, मी तर उद्याच मरेन, हे राहील."

"मी सांगतेय, लावू नका."

"तुझ्या एजेला घाबरतेस? सांग तिला, म्हाताऱ्याने फसवलं. खुशाल सांग." त्यांनी टोपी सरळ केली. "चल आता, उजेड उतरायच्या आत माझा काढ. वाद प्रदर्शनानंतर."

तो उभा, लांबट उजेड खिडकीतून जमिनीवर पडला होता. चिनाराने कॅमेरा उचलला. त्याचं वजन तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं. सकाळी ज्याच्यासाठी ती बसमध्ये हसली होती ते आता हातात होतं, थंड, आणि त्याच्या कातड्यावर म्हाताऱ्याच्या बोटांनी झिजवलेली जागा होती, तिथे तिचं बोट आपोआप बसलं.

"खुर्ची इकडे घ्या," ती म्हणाली.

"खिडकीशी नको?"

"इकडे. भिंतीशी."

त्या भिंतीवर डोंगरातली विधवा टांगलेली होती, पहिला प्रिंट, कडा पिवळ्या पडलेल्या. चिनाराने खुर्ची ओढून अशी ठेवली, की बसणाऱ्याचे गुडघे भिंतीला लागावेत. "तोंड तिकडे करा, आगाय."

ते एक क्षण उभे राहिले. मग चेहरा उजळला. "पाठमोरा! अरे वा! माझ्यासमोर ती, आणि मागून तू." ते बसले, गुडघे भिंतीला टेकवले, पाठ ताठ केली. "कुणाला सुचलं नसतं हे. बघ, म्हणूनच तुला सांगितलं मी. उजेड डावीकडून घे, खांद्यावरून, मानेवर थोडा सोड. टोपी ठेवू की काढू?"

तिने कॅमेऱ्याच्या काचेत वरून बघितलं. चित्र होतं. टोपीखाली वाळलेली मान, कानामागचं ऐकायचं यंत्र, इस्त्रीच्या सदऱ्यातली खांद्याची हाडं, आणि त्यांच्या पलीकडे, अगदी नाकासमोर, ती बाई, जी त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांनाही आता तिच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. असं चित्र तिला आजवर मिळालं नव्हतं. डाव्या बाजूचा उजेड मानेवरून खाली सांडत होता. बोटाखाली बटण होतं, आणि बोटाला ते हवं होतं, हे तिला मनगटापर्यंत स्पष्ट जाणवत होतं, तहान जाणवते तसं. तू माझीच आहेस. त्यांनी ते काय म्हणून म्हटलं ते आता अंगातच कळत होतं. हा सूडसुद्धा त्यांनी शिकवलेला होता, त्याची मांडणीसुद्धा, आणि खट् झालं की तो त्यांचा होणार होता, दारात लागणार होता, खाली तिचं नाव, आणि लोक म्हणणार होते, बघा, गुरूचा डोळा.

"थांबलीस का? चांगला आहे ना?" ते भिंतीशी बोलले.

"हलू नका."

"नाही हलत."

ते खरंच हलले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना हलू नका म्हटलेला माणूस, त्याला बसता येत होतं. चिनाराने कॅमेरा मेजावर ठेवला, दोन्ही हातांनी, आवाज न करता, काठोकाठ भरलेल्या वाटीशेजारी. खिसा चाचपला, पट्टी होती. दुसरी पट्टी, विधवेची, पन्नास वर्षांची, कोठीतल्या डब्यात होती. ती तिने राहू दिली, ती तिची नव्हती, ज्यांनी तो फोटो दोनदा परत पाठवला त्यांची होती. दाराशी जाऊन तिने बूट पायात घातले, नाड्या न बांधता. खिडकीतून कापूस येत होता. म्हातारा पाठ ताठ ठेवून बसला होता आणि आवाजाची वाट बघत होता, डोकं किंचित कलतं करून, जरा चांगला ऐकू येणारा कान मागे.

जिन्यात कोबीचा वास होता. ती एक मजला उतरली आणि थांबली, कारण छातीत काहीतरी वर येत होतं, बाबांच्या तंबूत सुटून गेलं होतं ते. इथे कुणी बघत नव्हतं. तिने जिन्याच्या हिरव्या भिंतीला कपाळ लावलं. रंगाचे पोपडे समोर होते, जाळीतल्या चौकोनांसारखे, आणि तिचा चेहरा सैल होत गेला, वाटेल तसा वाकडा. वरचं दार तिने लोटून घेतलं नव्हतं. त्यातून आगायचा आवाज आला, सौम्य, थोडा अवघडलेला, भिंतीशी बोललेला.

"वळू का आता?"